सहीकरांवर पाळत

आमचे सर टीव्ही आवाज बंद करून बघायचे. तेसुद्धा सिनेमा नाही, क्रिकेट नाही, नुसत्या बातम्या. आणि बातम्यांतही त्यांचा लाडका प्रसंग एकच: अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष टेबलाशी बसून कागदावर सही करतोय. ऑफिसच्या पँट्रीतल्या टीव्हीवर ते दृश्य आलं की सर हातातला चहा खाली ठेवत, रिमोट शोधत, आवाज बंद करत आणि मान पुढं काढून बघत बसत. मी एकदा विचारलं, "सर, तो काय बोलतोय ते ऐकायला नको का?"

"बाई, ऐकलंत की फसलात. तो बोलतोच मुळी तुम्ही हाताकडं बघू नये म्हणून. हात बघा. आणि मागं कोण उभंय ते बघा."

मागं उभ्या असलेल्या माणसांवर त्यांचा फार राग. त्यांचं म्हणणं असं, की पूर्वी सही करणाऱ्याच्या मागं काँग्रेसची, म्हणजे तिकडच्या संसदेची, माणसं उभी असायची. त्यांनी महिनोन्‌महिने भांडून, मतं घेऊन कायदा पास केलेला असायचा आणि राष्ट्राध्यक्ष फक्त खाली सही करायचा. आता मागं कोण? कुठल्या तरी कंपनीचा मालक, हेल्मेट घातलेले कामगार, शाळेतली पोरं. "ज्यांनी कायदा करायचा त्यांतलं एक तरी डोकं दिसतंय का सांगा. कागद ह्यानंच लिहिला, सही ह्यानंच केली, टाळ्याही ह्याच्याच माणसांनी वाजवल्या. मग बाकीचे पगार कशाचा घेतात?"

आमचं ऑफिस फुजैराला, दुबईपासून दीड-दोन तासांवर. बंदरात येणाऱ्या जहाजांना इंधन भरून द्यायचं काम, त्याला बंकरिंग म्हणतात. सर तिथं कागदपत्रांचे प्रमुख. जहाजाला तेल द्यायच्या आधी ते जहाज कुणाचं, कुठून आलं, अमेरिकेनं त्याच्यावर बंदी घातलेली नाही ना, हे बघून सरांनी मान हलवायची. म्हणजे तिकडं वॉशिंग्टनमध्ये एकानं सही केली की इकडं आमच्या खिडकीसमोरचं जहाज तसंच ताटकळत उभं. त्यामुळं सरांचा हा नाद अगदीच हवेतला नव्हता, हे कबूल करायला हवं. पण नाद तो नादच.

माणूस मिरजेकडचा, साठी ओलांडलेला, हाडकुळा. बाहेर पंचेचाळीस डिग्री असलं तरी फुलशर्ट, आणि बटण गळ्यापर्यंत लावलेलं. तरुणपणी काही वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं होतं आणि ती खोड काही गेली नव्हती. मी नाशिकहून लग्न करून इकडं आले आणि त्यांच्या हाताखाली लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला कुणी पाठवलं?"

"एच.आर.नी, सर."

"ते कळलं. त्यांना कुणी सांगितलं?"

मी घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, एक तर हा माणूस हेर आहे, नाही तर वेडा आहे. दोन महिने मला वाटायचं हे माझा ड्रॉवर उघडून बघतात, आणि त्यांना वाटायचं मी त्यांचा उघडते. दोघंही जेवायला उठताना कुलूप लावून उठायचो. पुढं ओळख झाल्यावर कळलं, माझ्या ड्रॉवरमध्ये खाकरे होते आणि त्यांच्यात डोकेदुखीच्या गोळ्या. काय म्हणायचं आता!

संशय हा त्यांचा श्वासच होता हो. लिफ्टमध्ये शिरायच्या आधी तपासणीचं सर्टिफिकेट वाचायचे, तारखेसकट. तोवर आम्ही दार धरून उभे. सुपरमार्केटात दोनावर एक फुकट दिसलं की म्हणायचे, "तिसऱ्यात काय बिघडलंय ते विचारा." कुणी पेढा पुढं केला तर हात मागं, आणि "कशाबद्दल?" खालच्या मलबारी चहावाल्यानं करक चहा दीड दिरहमला केला, तेव्हा "म्हणजे पस्तीस रुपये" असा हिशेब मोठ्यानं करून त्यांनी कप उन्हात धरला आणि तो आधीच्यापेक्षा बसका आहे असं जाहीर केलं. चहावाला म्हणाला, "हबीबी, कप वही है." सर मला मराठीत म्हणाले, "बघितलंत? घाईघाईनं उत्तर दिलं."

इथल्या कारभाराबद्दल मात्र चकार शब्द नाही. "जिथलं मीठ खातो तिथलं बोलायचं नाही. तिकडचं बोलायला कुणी अडवलंय?" असं म्हणायचे आणि तरीही आवाज खाली आणायचे.

अमेरिकेच्या सगळ्या राष्ट्राध्यक्षांना त्यांनी एकच आडनाव ठेवलं होतं: सहीकर. थोरले सहीकर, मधले सहीकर, सध्याचे सहीकर. पक्ष कुठला याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. कुणी अमुक एक चांगला होता म्हटलं की ते उसळत. "चांगला असेल हो, पण आल्यावर आधीच्यानं घेतलेलं परत केलं का त्यानं? एक तरी किल्ली परत केली?"

ही किल्लीची भानगड त्यांनी मला एकदा कॉर्निशवर, म्हणजे इथल्या चौपाटीवर, समुद्राकडं तोंड करून नीट समजावून सांगितली होती. म्हणाले, "बाई, तुमच्या बिल्डिंगला नातूर आहे ना? वॉचमन हो. त्याचं काम काय? दार उघडणं, पाणी बघणं. अमेरिकावाले म्हणजे राजाला हाकलून दिलेले लोक, त्यांना दुसरा राजा नको होता, म्हणून त्यांनी नातूर नेमला. पहिला तर इतका शहाणा, की दोनदा राहिला आणि आपण होऊन घरी गेला. मग एके दिवशी कुणाच्या फ्लॅटमध्ये नळ फुटला. मालक गावाला. लोक म्हणाले, नातूरकडं एक किल्ली असू द्या, आणीबाणीला बरी. पुढं युद्ध झालं, दुसरी किल्ली. मंदी आली, तिसरी. मग तो रेडिओवरून थेट घराघरांत बोलायला लागला, लोकांना वाटलं अरे, हा तर आपलाच. पूर्वी लढाई करायची तर काँग्रेसला विचारायला लागायचं. आता विमानं निघून गेल्यावर ते टीव्हीवर बघतात. मालाला जकात लावायची तरी हाच, व्यापार बंद करायचा तरी हाच. आणि गंमत म्हणजे इराणवरची आणीबाणी माझ्या लग्नाच्या आधीपासून चालू आहे! दरवर्षी एक कागद काढून रिन्यू करतात, आपल्या व्हिसासारखी. आमच्याकडची एकवीस महिन्यांत उठली, तर आपण अजून तिच्याबद्दल बोलतो."

"मग आता उपाय काय, सर?"

"कोर्ट. तेवढं एक राहिलंय. ते कधी कागद अडवतं, कधी नाही. तिथले न्यायाधीश कुणी नेमलेत तेही बघावं लागतं." आणि समोरून येणाऱ्या एका जॉगिंगवाल्याकडं बघून ते गप्प झाले.

ऑफिसात त्यांचा दरारा वाढला तो एका जहाजामुळं. कागद सगळे स्वच्छ होते, पैसे आगाऊ आलेले होते, पण सरांना कॅप्टनचं इंग्रजी "जास्तच नम्र" वाटलं. तेल द्यायचं नाही म्हणून बसले. मॅनेजर लेबनानी, त्यानं टेबलावर हात आपटून "खलास, यू आर क्रेझी" वगैरे सगळं केलं. सर ढिम्म. दुसऱ्या कुणी तरी तेल दिलं. आठवडाभरानं सहीकरांनी सही केली आणि त्या जहाजाचं नाव बंदीत आलं. ज्यांनी तेल दिलं होतं त्यांची बँकेत जी वाट लागली ती आम्ही लांबून बघितली. मॅनेजरनं सरांना मिठी मारली आणि सांगून टाकलं, यापुढं सर नाही म्हणाले तर नाही, मलासुद्धा विचारायचं नाही. झालं! तेव्हापासून सरांनी जहाजं तर अडवलीच, पण प्रिंटरची शाई, नवी माणसं, ऑफिसची पिकनिक, सगळंच अडवायला सुरुवात केली. पिकनिक त्या वर्षी झालीच नाही. का, तर खोर फक्कानला जाणाऱ्या बसचा ड्रायव्हर त्यांना "विचारात पडलेला" दिसला.

घरीही असंच. काकू, म्हणजे सरांची बायको, गोऱ्या, ठेंगण्या, सतत काही तरी तळत असलेल्या. मला लेकीसारखं वागवायच्या. त्यांनीच मला हसत हसत सांगितलं होतं, की कुवेतच्या युद्धाच्या वेळी ह्यांनी घाबरून त्यांचे दागिने मिरजेला बँकेत नेऊन ठेवले. युद्ध कधीच संपलं, दागिने अजून मिरजेत. कोविडमध्ये सरांनी भाजी मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचा हुकूम काढला, तो अजून चालू. "विचारायची पद्धतच नाही ग आमच्याकडं," काकू म्हणायच्या. "हे ठरवतात आणि मग मला कळतं." तेव्हा आम्ही दोघी हसायचो.

त्यांना मुलगा आणि मुलगी. मुलगा अमेरिकेत, कामाच्या व्हिसावर. चार वर्षांत तो आईला भेटला नव्हता. दोनदा निघाला होता, दोन्ही वेळा सरांनीच फोन करून थांबवलं: परत जाताना विमानतळावर अडवलं तर? तू हवेत असताना सहीकरांनी सही केली तर? मुलगाही मुकाट्यानं थांबला.

मग मुलीचं लग्न ठरलं. नवरा मुलगा दुबईचा, आपल्यातलाच, लग्न फुजैरालाच हॉटेलात. आणि आयुष्यात पहिल्यांदा काकू अडून बसल्या. "तो आला पाहिजे. लाजाहोमाला लाह्या भावानं घालायच्या असतात, कान भावानं पिळायचा असतो. मला बाकी काही नको. सोनं नको, हॉल नको. माझा मुलगा मांडवात हवा." रोज हे एकच. भाजी चिरताना, फोनवर, माझ्यासमोर. मला तर बाई भीतीच वाटायला लागली, की हा काही कारणानं आला नाही तर ह्यांचं काय होईल.

शेवटी सर हो म्हणाले. पण किती दिवस लावले! मुलाचा पासपोर्ट व्हिडिओ कॉलवर कॅमेऱ्यापुढं धरायला लावला, व्हिसाचा शिक्का जवळून, लांबून, तिरका करून बघितला. सगळं ठीक होतं. शुक्रवारी दुपारी तिकडून निघणार, म्हणजे आपली संध्याकाळ, आणि शनिवारी सकाळी दुबईत. लग्न शनिवारी गोरज मुहूर्तावर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत भरपूर वेळ होता.

शुक्रवारी संध्याकाळी मेंदी होती. मी त्यांच्याकडं स्वयंपाकघरात चहाचं बघत होते. हॉलमध्ये काकू दोन्ही हात कोपरापर्यंत मेंदीनं भरून, पुढं धरून बसल्या होत्या आणि नाकावर आलेली बट फुंकरीनं उडवत होत्या. इतक्या आनंदात मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. कोपऱ्यात टीव्ही चालू होता, अर्थातच आवाज बंद. सर त्याच्यासमोर.

पडद्यावर टेबल आलं, कागद आला, सहीकर आले. खाली पट्टी धावत होती: परदेशी कामगारांच्या व्हिसावर नवा आदेश. हात हलला, सही झाली, कागद उचलून कॅमेऱ्याला दाखवला. सर उठले आणि पॅसेजमध्ये गेले. फोन ते नेहमी स्पीकरवर लावायचे, कानाला लावला तर किरण जातात म्हणून. त्यामुळं मला सगळं ऐकू आलं.

"कुठं आहेस?"

"सीटवर बसलोय, बाबा. डोअर्स आर क्लोजिंग."

"उतर."

"व्हॉट?"

"सही झाली आत्ता. मी डोळ्यांनी बघितली. तू बाहेर पडलास की आत घेणार नाहीत. उतर विमानातून."

"बाबा, लेट मी चेक वन्स. आई वाट बघतेय..."

"चेक करायला वेळ नाही. आईचं मी बघतो. उतर, ही ऑर्डर आहे."

मी गॅस बंद करून बाहेर येईपर्यंत फोन संपलासुद्धा होता. मुलगा खरंच उतरला. जन्मभर जे ऐकत आला तेच त्यानं केलं, त्याला काय बोल लावायचा! सर हॉलमध्ये आले आणि पाण्याचा ग्लास मागावा तशा आवाजात म्हणाले, "तो येत नाहीये. मी उतरवलं त्याला."

कुणाला काही कळेना. मेंदीवाली मुलगीही कोन हातात धरून थांबली. मग नवरी मुलगी उठली, तिनं रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज मोठा केला. तेच दृश्य परत दाखवत होते. सहीकरांच्या शेजारी उभा असलेला कुणी अधिकारी माइकसमोर स्वच्छ सांगत होता, की हा आदेश नव्या अर्जांसाठी आहे, ज्यांच्याकडं आधीच व्हिसा आहे त्यांनी काळजी करू नये, ते जाऊ-येऊ शकतात. तो हे सही होत असतानाच बोलत होता. सरांनी त्याचे ओठ हलताना नक्की बघितले असणार.

"डॅडी, ही इज सेइंग इट राइट देअर," मुलगी म्हणाली आणि रडायला लागली.

सर म्हणाले, "बोलतोय तो. बोलण्यावर काय..."

काकूंनी त्यांना पुढं बोलू दिलं नाही. हात मेंदीचे, त्यामुळं डोळेही पुसता येईनात. मी पदरानं पुसायला गेले तर मान फिरवली. म्हणाल्या, "त्या तुमच्या सहीकरावर निदान कोर्टात तरी जाता येतं. तुमच्यावर मी कुठं दावा लावू, सांगा ना. कुठं जाऊ मी?"

त्या घरात असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

दुसरं विमान त्याच वेळेला दुसऱ्या दिवशी होतं, म्हणजे तो रविवारी पोचला असता. दुसऱ्या मार्गानं यायचं तरी वेळ जमेना. माझ्या नवऱ्यानं आणि मी बसून सगळं शोधलं. सकाळी मुलाच्या कंपनीच्या वकिलांची मेल आली, की तूर्तास कुणीच प्रवास करू नका. ती मेल सरांनी मला हॉटेलच्या लॉबीत फोनवर दाखवली. गळ्यापर्यंत बटण, वर कोट, डोळे रात्रभर न झोपल्यासारखे. "बघा बाई. वकील पण तेच म्हणतात."

"सर, तो उतरला असता," मी म्हटलं. "आत्ता, या वेळेला, दुबईहून निघाला असता."

त्यांनी फोन खिशात ठेवला. मला राग आला होता, खूप राग आला होता, आणि तरी त्या माणसाकडं बघवत नव्हतं. चार वर्षं मुलाला न बघितलेला तोही बापच होता, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढं आठवडाभरात सगळं निवळलं, जुन्या व्हिसावाले आले, गेले, कुणाला काही झालं नाही. पण ते पुढं.

संध्याकाळी लग्न लागलं. हॉटेलवाल्यांनी होमासाठी फायर अलार्म बंद केला होता आणि लाल सिलिंडर घेतलेला एक सिक्युरिटीवाला मांडवाच्या कडेला उभा होता. सरांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. गुरुजी शारजाहून आलेले, कॉलरला माइक लावलेला, कारण हॉल मोठा. सुपात लाह्या तयार होत्या. गुरुजी म्हणाले, "मुलीचा भाऊ, पुढं या."

कुणीच पुढं आलं नाही. आतेभाऊ, मावसभाऊ, माझा नवरा, सगळे एकमेकांकडं बघायला लागले. गुरुजींनी परत विचारलं, "भाऊ? कुणीही चालेल, भावाच्या नात्यातलं." सगळ्यांच्या नजरा सरांकडं, कारण ठरवायचं ते त्यांनीच, ही सवय. आणि सर काकूंच्या जवळ सरकले, वाकले आणि हळूच म्हणाले, "कुणाला उभं करूया? तू सांग. तू म्हणशील तो."

गुरुजींचा माइक जवळच होता. ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं, आणि काकूंचं उत्तरही.

"आता विचारताय?"

काकू उठल्या, पदर खोचला, सूप स्वतः उचललं आणि मेंदीनं रंगलेल्या हातांनी लेकीच्या ओंजळीत लाह्या घातल्या. गुरुजी काही तरी म्हणायला गेले, मग त्यांनी मंत्रच पुढं चालू केला. कान पिळायची वेळ आली तेव्हाही त्याच पुढं झाल्या. नवरदेव उंच, त्याला वाकायला लागलं. कानपिळी म्हणजे लटकीच असते, चिमटा काढल्यासारखं करायचं आणि हसायचं. काकू हसल्या नाहीत. त्यांनी धरला तो कान सोडेचनात. जावई बिचारा आधी हसला, मग कळवळला, मग "आई, आई, दुखतंय" म्हणायला लागला, आणि काकू त्या सगळ्या वेळात त्याच्याकडं नव्हे, सरांकडं बघत होत्या.